श्टुटगार्ट: मोटारीचं माहेर, लायसन्सचं सासर

श्टुटगार्टच्या संमेलनानिमित्त संपादक मंडळानं ‘शहर परिचय लिहा, थोडा इतिहासही येऊ द्या’ असं सांगितलं आहे. तेव्हा इतिहास आधी उरकून घेते.

श्टुटगार्ट ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची राजधानी. नेकार नदीजवळ, टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात शहर वसलं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात इथे हवा कोंडते. शहराच्या चिन्हावर काळा घोडा आहे, कारण मूळ वस्ती घोड्यांच्या पैदाशीच्या जागेभोवती वाढली. तत्त्वज्ञ हेगेल १७७० साली इथेच जन्मला. १८८६ मध्ये रोबर्ट बॉशनं इथे आपलं छोटं वर्कशॉप थाटलं, आणि त्याच वर्षी कानश्टाट भागात गोटलीब डाइमलरनं चारचाकी घोडागाडीला इंजिन बसवलं. १९५६ चा काँक्रीटचा टीव्ही टॉवर पुढे जगभरच्या अशा टॉवरांचा नमुना ठरला. भर शहरात, रेल्वे स्टेशनच्या मागच्या उतारावर द्राक्षमळे आहेत. मी नाशिकची, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ते पाहून मला भरून आलं होतं. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत, आणि २०१५ पासून महाराष्ट्राची या राज्याशी भागीदारी आहे. दोन मोटार संग्रहालयं, विल्हेल्मा प्राणिबाग, कानश्टाटचे खनिज पाण्याचे झरे हे सगळं संमेलनाच्या पिशवीतल्या नकाशावर आहे. झाला इतिहास.

एक गोष्ट मात्र नकाशावर नाही, आणि माझ्या विषयाला तिथूनच तोंड फुटतं. मोटार चालवायचा लेखी परवाना ही या राज्याचीच देणगी म्हणायला हवी. मानहाइमच्या कार्ल बेंझच्या गाडीचा आवाज आणि वास लोकांना सहन होईना, तेव्हा त्यानं सरकारदरबारी अर्ज केला आणि १८८८ च्या ऑगस्टमध्ये बाडेनच्या अधिकाऱ्यांनी त्याला रस्त्यावर गाडी फिरवायची लेखी परवानगी दिली. पुढे थोड्याच दिवसांत त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन तीच गाडी मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभरावर किलोमीटर, हाकत घेऊन गेली. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिनं इंधन घेतलं. परवाना नवऱ्याच्या नावावर, गाडी बायकोच्या हातात. आज तिनं असं केलं असतं तर थेट फौजदारी गुन्हा! आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. सहा महिने संपले की तोच माणूस, तीच गाडी, तोच रस्ता, पण गाडी विनापरवाना. आपल्याकडे पावती फाडून सुटण्यासारखी ही बाब नाही. कायद्यात दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि त्यात अपघात झाला तर विमा कंपनी भरलेल्या पैशांसाठी तुमच्याकडे येऊ शकते. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर काही आठवड्यांनी एखाद्या नव्या मुलाचा प्रश्न येतो: “दादा, ताई, पाचवा महिना चालू आहे, लायसन्सचं काय करायचं असतं?” २०२४ मध्ये दोन्ही राज्यांत कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून तर चौकशा वाढल्याच आहेत. पाचव्या महिन्यात करण्यासारखं फारसं काही उरत नाही. जे करायचं ते पहिल्या महिन्यात. हे वाक्य मी या लेखात पुन्हा लिहिणार आहे, कंटाळलात तरी चालेल.

सहा महिन्यांबद्दलचे गैरसमज आधी दूर करते. नाशिक, पुणे, ठाण्याच्या आरटीओतून आपण आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन येतो. त्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते आणि माणूस निर्धास्त होतो. इथे राहायला आलेल्याला ते वर्ष लागू नाही. त्या पुस्तिकेचा उपयोग मूळ लायसन्ससोबतचं भाषांतर म्हणून, आणि तोही सहा महिन्यांच्या आतच. दुसरा गैरसमज, ‘अर्ज टाकलाय, आता निकाल लागेपर्यंत चालवू शकतो.’ नाही चालवू शकत. अर्ज कधीही दिला असला तरी मुदत संपते ती संपतेच. तिसरा घोळ नवरा-बायकोचा. नवरा आधी आला आणि बायको-मुलं शाळा संपल्यावर आली, तर प्रत्येकाचे सहा महिने ज्याच्या त्याच्या राहायला येण्यापासून मोजायचे. वर्षभराच्या आत परत जाणार असल्याचं दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळते, पण ‘दोनच वर्षांसाठी आलोय’ म्हणणाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

सहा महिन्यांनंतर जर्मन लायसन्सच हवं. काही देशांची लायसन्स इथे नुसती बदलून मिळतात. माझा कोरियन सहकारी कागद घेऊन गेला आणि परीक्षेशिवाय मोकळा झाला. जपान्यांचंही तसंच. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे आपल्याला लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुंबई जुळं शहर खरं, पण जुळ्या बहिणीच्या लायसन्सला या घरात मान नाही. दर वर्षी दोन्ही सरकारांचे प्रतिनिधी हात मिळवतानाचे फोटो बघते तेव्हा वाटतं, कुणीतरी त्यांच्या कानात एवढं सांगायला हवं.

तरी आपल्या जुन्या लायसन्सला एक फार मोठी किंमत आहे. ती न समजल्यामुळे आपली माणसं हजारो युरो घालवतात. नवख्या जर्मन मुलाला लायसन्स काढायचं तर चौदा मोठे लेखी वर्ग आणि हायवे, गावाबाहेरचे रस्ते व रात्रीचं ड्रायव्हिंग मिळून बारा खास तास सक्तीचे असतात. ज्याच्याकडे आधीचं वैध परदेशी लायसन्स आहे त्याला यांतलं काहीही सक्तीचं नाही. परीक्षा द्या, पास व्हा, लायसन्स घ्या. याला म्हणतात ‘उमश्राइबुंग’. हा शब्द पाठ करा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाऊल टाकताच ‘गुटेन टाग’नंतर दुसरा शब्द हाच उच्चारा.

मी तो उच्चारला होता. तरीही घराजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलनं मला पूर्ण पॅकेजच्या कागदावर सही करायला लावायचा चंग बांधला होता. “इंडियात तुम्ही डावीकडून चालवता, म्हणजे तुम्ही नवशिक्याच,” हे त्यांचं म्हणणं. कसारा घाटात पावसाळ्यात ट्रकांच्या रांगेतून वर्षानुवर्षं गाडी काढणाऱ्या बाईला हे ऐकवलं! शेवटी मंडळातल्या एका ज्येष्ठ काकू माझ्याबरोबर आल्या. त्या इथे तीसेक वर्षं आहेत आणि इथली अस्सल श्वेबिश बोली बोलतात. त्यांनी काउंटरवरच्या बाईंना शांतपणे विचारलं, “हे तास सक्तीचे आहेत असं कोणत्या कलमात लिहिलंय, तेवढं छापून देता का?” कागद काही आला नाही. बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, “कात्रजचा घाट फक्त पुण्यातच असतो असं वाटलं होतं का गं तुला?”

दुसऱ्या स्कूलमध्ये प्रामाणिक माणूस भेटला. स्कूल मात्र लागतंच, हे लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या परीक्षेला शिक्षक शेजारी आणि गाडी स्कूलची, हा नियम आहे. शिवाय सक्ती नसली तरी काही तास घ्याच. पंचेचाळीस मिनिटांना साठ-सत्तर युरो मोजताना जीव तुटतो, पण नापास होऊन पुन्हा फी भरण्यापेक्षा ते परवडतं.

आता कागद. यांची सुरुवात भारतातूनच करायची असते, म्हणून नव्यानं येणाऱ्या भाचे-पुतण्यांना या लेखाचा फोटो काढून पाठवा.

आपल्या लायसन्सवर नाव कसं लिहिलंय ते पाहा. कुणाच्या कार्डावर मधलं नाव आहे तर पासपोर्टवर नाही, कुणाचं आडनाव आधी. बायकांचं तर विचारूच नका. लायसन्स माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर, आणि मधे एकदा वडिलांचं आणि एकदा नवऱ्याचं नाव. इथल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं दिसतात, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. लग्नाचं प्रमाणपत्र इंग्रजीत, किंवा मराठी असेल तर भाषांतरासह, सोबत ठेवा. जमलं तर निघण्यापूर्वी लायसन्सवरचं नाव पासपोर्टसारखं करून घ्या. जुन्या स्मार्ट कार्डावरची अक्षरं पुसली जातात. पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख आणि वाहनाचा प्रकार नीट वाचता येत नसेल तर नवं कार्ड काढा, आणि सारथी पोर्टलवरची नोंद आरटीओच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधीच करा. भारतात मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून ते करता येतं. इथे संपलेलं लायसन्स दाखवलं की ‘आधीचं वैध लायसन्स’ हा सगळा मुद्दाच निकालात निघतो.

आणि एक अगदी स्पष्ट सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी हा मार्ग विचारतं. इथे राहायला आल्यानंतर दिवाळीच्या सुटीत गावी जाऊन नवं लायसन्स काढून आणलं, तर ते इथे मोजलं जात नाही. लायसन्स मिळालं तेव्हा तुमचं घर भारतातच असायला हवं.

इथे आल्यावर पहिलं काम पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत करायची, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. हा कागद देणं मालकाचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारे मालक असतात, त्यांना रोज गोड मेसेज पाठवा. नोंदणी झाली की लायसन्सचा अर्ज. तो तुमचं घर जिथे आहे तिथल्या कचेरीत द्यायचा: शहरात राहत असाल तर श्टुटगार्ट महापालिकेकडे, बोब्लिंगेन, लुडविग्सबुर्ग, एसलिंगेनकडे असाल तर त्या त्या जिल्ह्याच्या कचेरीत. ऑफिस शहरात आहे म्हणून शहरातल्या रांगेत उभं राहू नका. अर्जासोबत पासपोर्ट, नोंदणीचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर, डोळे तपासल्याचं प्रमाणपत्र, प्रथमोपचाराच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग स्कूलचं नाव एवढं लागतं. भाषांतर आडेआत्से या मोटारचालकांच्या संघटनेकडून करून मिळतं. ओळखीतल्या जर्मन येणाऱ्या मित्रानं केलेलं चालत नाही, मित्र पीएच.डी. असला तरी. डोळे चष्म्याच्या दुकानात पाच मिनिटांत तपासतात.

प्रथमोपचाराचा वर्ग मात्र पूर्ण दिवसाचा, पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास. लोक कुरकुरतात. मला तो दिवस आवडला होता. बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं, मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट कसं काढायचं, छाती किती जोरात दाबायची हे गुडघ्यांवर बसून स्वतः करायला लावतात. आपल्या मुंबई-आग्रा हायवेवर अपघात झाला की माणसं जमतात, पण काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. हा वर्ग तिकडे सक्तीचा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. इंग्रजीतूनही वर्ग होतात, फक्त जागा लवकर भरतात.

अर्ज देण्यासाठी टेर्मिन, म्हणजे वेळ, आधी घ्यावी लागते आणि ती काही आठवड्यांनंतरची मिळते. मग अर्जाच्या छाननीत आणखी आठवडे. मग लेखी परीक्षा. मग रस्त्यावरच्या परीक्षेची तारीख, जी स्कूलला मिळेल तेव्हा. ही बेरीज करा आणि मला सांगा सहा महिने कुठे उरले. म्हणून पुन्हा लिहिते: पहिल्या महिन्यात अर्ज.

लेखी परीक्षा बारा परदेशी भाषांत देता येते. अरबी आहे, तुर्की आहे, क्रोएशियन आहे, हिंदी नाही. मराठीची तर आशाच सोडा. इंग्रजी घ्या. प्रश्न तीसच, पण प्रत्येकाला दोन ते पाच दंडगुण, आणि दहापर्यंत माफ. त्यातही पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच भरते, तरी नापास. एका प्रश्नाला दोन किंवा तीनही उत्तरं बरोबर असू शकतात, आणि सगळ्यांवर खूण केली नाही तर गुण गेले. काही प्रश्न छोट्या फिल्मचे असतात. फिल्म पाचदा पाहता येते, पण एकदा प्रश्न उघडला की पुन्हा नाही. प्रश्नसंग्रह हजारावर प्रश्नांचा आहे, आणि आपल्यातले आयआयटीवालेसुद्धा ‘आपल्याला काय अवघड’ म्हणत गेले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा गेले. अॅपवर रोज सराव करा. लेखी पास झाल्यावर एक वर्षाच्या आत रस्त्यावरची परीक्षा द्यायची, नाहीतर लेखी पुन्हा.

रस्त्यावरची परीक्षा ५५ मिनिटांची, त्यात किमान अर्धा तास प्रत्यक्ष गाडी चालवणं. परीक्षक मागच्या सीटवर, आणि सूचना जर्मनमधून. त्याला दुभाषा चालत नाही. उजवीकडे, डावीकडे, पुढच्या संधीला, गाडी लावा, एवढे शब्द पक्के करा, आणि न समजल्यास पुन्हा विचारा. विचारल्याचे गुण कापत नाहीत.

आपली माणसं नापास होतात ती गाडी चालवता न आल्यामुळे नव्हे, सवयींमुळे. वळताना नुसता आरसा पाहून भागत नाही. मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं, आणि परीक्षकाला दिसेल असं पाहायचं. खुणेशिवायच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गाडी गल्लीतून येणारी का असेना. आपण मोठ्या रस्त्यावर आहोत हा माज इथे सोडावा लागतो. आपल्याकडे समोरच्यानं हेडलाइट मारला की ‘मी येतोय, थांब’, इथे बहुतेक वेळा ‘तुम्ही जा’. परीक्षेत मात्र तेवढ्यावर विसंबून पुढे जाऊ नका. हॉर्न विसरा. निळ्या पाटीवर मुलं खेळताना दिसली की गाडी चालत्या माणसाच्या वेगानं न्यायची. शहरात पुष्कळ मोठ्या रस्त्यांवर ५० ऐवजी ४० ची मर्यादा आहे आणि पाटी झाडामागे असली तरी कॅमेरा उघड्यावर असतो. उलट मोकळ्या रस्त्यावर उगाच रेंगाळलात तर तीही चूकच धरतात. पिवळ्या श्टाटबानशी, म्हणजे इथल्या ट्रामशी, स्पर्धा नको, तिला ब्रेक लागायला वेळ लागतो. आणि या शहराचे चढ! डेगरलोखकडे जाणारे रस्ते आणि पश्चिमेकडच्या गल्ल्या अशा आहेत की सिग्नलला हँडब्रेकवरून गाडी उचलता यायलाच हवी. इथे मात्र कसारा घाटाचं शिक्षण कामी आलं. गाडी एक इंचही मागे सरकली नाही, आणि शेजारच्या शिक्षकानं भुवया वर केल्या त्या मी आरशात पाहिल्या.

ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं. २०२१ पासून गिअरच्या गाडीवर किमान दहा तास आणि स्कूलची छोटी चाचणी देऊन ही मर्यादा टाळता येते. आपण सगळे गिअरवरच शिकलेलो आहोत, तेव्हा गिअरवरच द्या. दुचाकीचं वेगळं. आपल्या कार्डावर दोन्ही असलं तरी इथे दुचाकीच्या परीक्षा स्वतंत्र आहेत. कारच्या लायसन्सवर ताशी ४५ च्या वेगाची ५० सीसीची स्कूटर तेवढी चालते. अॅक्टिव्हावर कॉलेज रोड पालथा घातलेल्यांनी मनाची तयारी करून यावं.

पास झालात की नवं कार्ड हातात पडतं, पंधरा वर्षांच्या मुदतीचं, आणि त्याच वेळी जुनं कार्ड जमा करावं लागतं. कायमचं परत जायचं ठरलं तर जर्मन कार्डाच्या बदल्यात ते परत मिळतं, असा नियम आहे. माझं एमएच-१५ चं कार्ड, त्यावरचा तेलकट वेणीतला फोटो, आरटीओच्या दारात बाबांनी पाजलेला उसाचा रस, हे सगळं कुठल्याशा सरकारी फायलीत आहे. देण्याआधी दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढून ठेवा, भारतातल्या कामांसाठी नंबर लागतो.

लायसन्स आलं म्हणजे संपलं असं समजू नका, थंडी बाकी आहे. बर्फ किंवा निसरडं असताना हिवाळी टायर लागतातच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर डोंगर आणि हिमकण यांचं चिन्ह असलेलेच ग्राह्य धरतात. जुन्या टायरवर नुसतं ‘एम प्लस एस’ असेल तर ते आता चालत नाहीत. साधारण ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशोब इथले लोक ठेवतात. टायर बदलायची वेळ सप्टेंबरमध्येच घेऊन ठेवा, पहिला बर्फ पडला की गॅरेजवाले फोन उचलत नाहीत. सकाळी काच पूर्ण खरवडायची, डोळ्यांपुरतं भोक पाडून निघायचं नाही. इंजिन चालू ठेवून गाडी गरम करत काच खरवडणंही नियमाबाहेर आहे, आणि तुमच्या शेजारच्या आजी ते खिडकीतून पाहत असतात. याच आजी जिन्याच्या सफाईची तुमची पाळी चुकली की दारावर पाटी लटकवतात. या प्रथेबद्दल मला पुष्कळ म्हणायचं आहे, पण संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे.

मंडळात आता लायसन्ससाठी मदत करणारा छोटा गट आहे. प्रामाणिक ड्रायव्हिंग स्कूलांची यादी, अर्जाचा भरलेला नमुना आणि कोणता कागद कशासाठी लागतो याची टिपणं आमच्याकडे आहेत. काकू अजूनही सोबत यायला तयार असतात, फक्त त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि येताना ताजे पोहे न्या.

संमेलनाला म्युनिक, फ्रांकफुर्ट किंवा झ्युरिखहून गाडीनं येणाऱ्या पाहुण्यांसाठी: शहरात शिरायला काचेवर प्रदूषणाचं हिरवं स्टिकर लागतं, आणि परदेशी नंबरप्लेटलाही त्यातून सूट नाही. युरो-४ किंवा त्याखालच्या डिझेल गाड्यांना शहरात मनाई आहे, गाडीचे कागद निघण्याआधी पाहून घ्या. सभागृहाजवळ पार्किंग कमी आहे. गाडी बाहेरच्या पार्क-अँड-राइडला लावून श्टाटबाननं या. स्वयंसेवक स्टेशनवर भगव्या फेट्यात उभे असतील.